हादरा जिरतो कुठे?
कुऱ्हाडीच्या दांड्यापासून ड्रोनच्या काळ्या नळीपर्यंत

मंडळी, फळबागेचे खड्डे घेताना पहार मुरमात शिरत असते तोवर काही वाटत नाही. पण एकदा का ती आतल्या खडकावर आदळली, की तळहातापासून कोपरापर्यंत झिणझिण्या येतात आणि माणूस पहार टाकून हात झटकत उभा राहतो. आता कुऱ्हाड घ्या. वाळल्या लाकडाच्या गाठीवर घाव बसला तरी हात तसा बधिर होत नाही. पहार अंगभर लोखंडाची असते. कुऱ्हाडीचे पाते लोखंडाचे, पण हातात येतो तो लाकडाचा दांडा. लोखंडाने हादरा जसाच्या तसा हातात आणून दिला. लाकडाने त्यातला थोडा वाटेतच खाऊन टाकला.

म्हणून तर आपला सुतार दांड्यासाठी लाकूड निवडताना शीर बघतो. धावड्याचे किंवा बाभळीचे सरळ शिरेचे लाकूड तो बाजूला काढतो, गाठीचे टाकून देतो. लाकडाच्या पोटात काय आहे यावर त्याचा स्वभाव ठरतो, हे त्याला बापजाद्यांकडून मिळालेले ज्ञान. आज याच गोष्टीची पुन्हा आठवण व्हायला एक कारण घडले आहे. आपल्या शेतावर एक नवाच दांडा येऊन पोचला आहे, आणि तो ना लाकडाचा, ना लोखंडाचा.

तुम्ही फवारणीचा ड्रोन पाहिला असेल. केंद्र सरकारने २०२३ मध्ये नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली. १५,००० महिला बचत गटांना ड्रोन द्यायचे, त्यासाठी किमतीच्या ८० टक्के, पण जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत करायची, असे त्यात ठरले. उरलेला पैसा गटाने कर्जातून उभा करायचा. म्हणजे कर्ज जमिनीवर आणि यंत्र आकाशात! अशा यंत्राचे पंखे ज्या काळ्या नळ्यांच्या टोकाला बसवलेले असतात, त्या नळ्या बहुधा कार्बन तंतूंच्या असतात. जवळून पाहा, चटईसारखी बारीक वीण दिसेल. या नळीच्या पोटात काय आहे, ती हादरा कसा जिरवते आणि कधी दगा देते, हे जिच्या गटाने कर्ज काढले आहे त्या ताईला ठाऊक असायलाच हवे. ते समजायला फार शिकलेले असावे लागते असेही नाही.

कोळशाचा धागा

कोळसा पाडणारे लोक लाकडे रचून वरून माती लिंपतात, हे तुम्ही पाहिले किंवा ऐकले असेल. आत हवा शिरली तर लाकडाची राख होते. हवा कोंडली तर कोळसा होतो. कार्बनचा तंतू म्हणजे असाच पाडलेला कोळसा, फक्त तो धाग्याचा.

ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेतल्या एडिसनने १८८० मध्ये विजेच्या दिव्यासाठी बांबूच्या काड्या जाळून त्यांची कोळशाची तार केली होती. पण ती तार ठिसूळ होती. मजबूत तंतू हाती यायला १९६० चे दशक उजाडले. जपानमध्ये अकिओ शिंदो आणि पुढे इंग्लंडमध्ये फार्नबरो येथील सरकारी विमान संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ यांनी वेगळाच धागा वापरला. बाजारात थंडीच्या दिवसांत अ‍ॅक्रिलिक लोकरीचे स्वेटर मिळतात ना, त्याच कुळातला हा धागा. तो आधी २०० ते ३०० अंशांवर ताणून भाजतात. मग हवा कोंडलेल्या भट्टीत १,००० अंशांच्या वर तापवतात. बाकीचे सारे उडून जाते आणि जवळजवळ निव्वळ कार्बन उरतो. या तंतूची जाडी एका मिलिमीटरच्या हजार भागांपैकी सुमारे सात भाग. आपल्या डोक्याचा केस याच्या दहापट जाड!

नुसत्या तंतूंचा झुबका मात्र दांड्याच्या कामाचा नाही. असे हजारो तंतू राळेत भिजवून, साच्यावर गुंडाळून, उष्णता देऊन पक्के करतात. ही राळ झाडाची नव्हे, कारखान्यात केलेली. चांगल्या नळीत शंभर भागांपैकी साठाच्या आसपास भाग तंतू आणि बाकी राळ असते. गवंडी मातीत भुसकट कालवून भिंत घालतो तसाच हा प्रकार. भुसकट मातीला फुटू देत नाही, माती भुसकटाला सुटू देत नाही.

जिरणे म्हणजे काय?

नागपंचमीचा झोका आठवा. धक्का देणे थांबवले की तो हळूहळू थांबतो. त्याचा जोर गेला कुठे? दोराच्या घासण्यात गेला, हवा कापण्यात गेला, आणि त्याची उष्णता झाली. लोखंडी तार पाच-दहा वेळा मागेपुढे वाकवून तिचा वाकलेला भाग बोटाला लावून पाहा, चटका बसेल. हादरा कधी नाहीसा होत नाही. तो उष्णता होऊन जिरतो, नाही तर पुढच्या वस्तूत शिरतो.

आता उलटे पाहा. झोक्याला त्याच्या लयीत, नेमक्या वेळी, नुसत्या बोटाने धक्के देत राहा. लहानसा धक्काही साठत साठत झोका फांदीपर्यंत नेतो. यंत्रातही हेच घडते. प्रत्येक दांड्याची स्वतःची एक लय असते. पंख्याचे फेरे त्या लयीशी जुळले की दांडा थरथरू लागतो, आटे सैल होतात, जोड फुटतात. पंखा मिनिटाला ३,००० फेरे घेतो असे धरले तर सेकंदाला ५० धक्के झाले. तास-दोन तासांत किती होतील, हिशेब तुम्हीच करा.

कडब्याची पेंढी

आता नळीच्या पोटात शिरू. त्यासाठी कडब्याची एक घट्ट बांधलेली पेंढी डोळ्यांपुढे आणा. दोघांनी दोन टोके धरून ती सरळ लांबीत ओढली तर सगळा ताण ताटे घेतात. ती एकमेकांवर घासत नाहीत. पण तीच पेंढी दोन हातांत धरून पिळली तर ताटे एकमेकांवर सरकतात, करकरतात. हादरा जिरतो तो या करकरण्यात.

कार्बनच्या नळीत ताटांच्या जागी तंतू आहेत आणि त्यांच्या फटीत राळ आहे. तंतूच्या आत कार्बनचे पापुद्रे लांबीच्या दिशेने घट्ट रचलेले असतात. तिथे सरकायला जागाच नाही, म्हणून तंतू स्वतः हादरा फारसा खात नाही. राळ मात्र लांबलचक, एकमेकांत गुंतलेल्या रेणूंची असते. ती पिळली, सरकवली की हे रेणू घसटतात आणि हादऱ्याची उष्णता होते. एका वाक्यात सांगायचे तर तंतू ओझे वाहतो आणि राळ हादरा खाते. ताण तंतूच्या रेषेत आला तर राळेला काम मिळत नाही. ताण तिरका आला तर राळ कामाला लागते.

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल विद्यापीठात रॉबर्ट अ‍ॅडम्स आणि त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या दशकापासून अशा पट्ट्या थरथरवून याची मापे घेतली. एका प्रकारच्या पट्टीत तंतूच्या रेषेतला हादरा दर हेलकाव्याला सुमारे अर्धा टक्काच जिरला. तंतूंना आडवा आला तेव्हा सुमारे चार टक्के आणि पिळाचा आला तेव्हा सुमारे सात टक्के जिरला.

अर्धा आणि सात हे आकडे किरकोळ वाटतात ना? मग पैशांत मांडू. समजा हादऱ्याजवळ १०० रुपये आहेत आणि दर हेलकाव्याला तो उरलेल्या रकमेतून एवढे टक्के गमावतो. अर्धा टक्का गेला तर शंभर हेलकाव्यांनंतर त्याच्याजवळ ६० रुपये शिल्लक राहतात. चार टक्के गेले तर एक रुपया सत्तर पैसे उरतात. सात टक्के गेले तर फक्त सात पैसे! तंतू तेच, राळ तीच. फरक पडला तो तंतूंच्या दिशेमुळे.

मग सगळे तंतू तिरकेच का घालू नयेत? कारण तिरके घातले की दांडा लवचीक होतो, ओझ्याने वाकतो. म्हणून कारागीर दोन्हींची सांगड घालतो. बरेच थर लांबीच्या दिशेने, ताकदीसाठी. काही थर तिरके, पीळ सोसण्यासाठी आणि हादरा जिरवण्यासाठी. बैलजोडी लावताना आपण एक जोराचा आणि एक वळणाचा बैल पाहतो, त्यातलाच हा शहाणपणा.

वीण, पकड आणि बुडबुडे

दिशेखेरीज आणखी तीन गोष्टी आहेत, आणि त्या उघड्या डोळ्यांनी दिसत नाहीत.

पहिली वीण. विणलेल्या कापडात तंतू एकमेकांवरून वरखाली जातात, थोडे नागमोडी होतात. नागमोडी तंतू ताणला की आधी सरळ व्हायला बघतो आणि भोवतालच्या राळेला ढकलतो. त्यामुळे हादरा जरा जास्त जिरतो, पण कडकपणा थोडा घटतो.

दुसरी पकड. तंतू आणि राळ यांचा सांधा घट्ट हवा. तो सैल असेल तर तंतू राळेत मागेपुढे घासतो आणि त्या घासण्यात हादरा जास्त जिरतो. वरवर पाहता हे चांगलेच वाटेल. पण ही जिरवणूक म्हणजे घर विकून केलेली दिवाळी. असा सांधा पाणी पितो, आणि जोराचा भार आला की सुटतो. भुसकट मातीपासून सुटलेली भिंत पहिल्या पावसात कशी ढासळते, ते आपण पाहतोच.

तिसरी गोष्ट बुडबुड्यांची. राळेत हवा राहिली तर आत पोकळ्या होतात आणि तिथूनच चिरा सुरू होतात. विमानाच्या भागांसाठी अशा पोकळ्या शंभरात एका भागाच्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो, आणि त्यासाठी भाग दाबाच्या भट्टीत पक्के करतात. स्वस्तातली नळी आणि महागातली नळी बाहेरून सारखीच काळी दिसते. फरक पोटात असतो.

मग कार्बनच कशाला?

‘कार्बन हादरा खातो’ असे विक्रेते सांगतात. ते अर्धेच खरे आहे. लोखंडापेक्षा तो जास्त जिरवतो हे खरे, पण रबराच्या तुलनेत त्याचे जिरवणे काहीच नाही. त्याचा मोठा गुण दुसराच. तो हलका आहे आणि कडक आहे. पोलाद पाण्याच्या पावणेआठपट जड, तर कार्बनची ही वस्तू साधारण दीडपटीच्या थोडी वर. वस्तू जितकी हलकी आणि कडक, तितकी तिची लय जलद. त्यामुळे दांड्याची लय पंख्याच्या लयीपासून दूर ठेवता येते आणि झोका चढायची वेळच येत नाही. भांडण मिटवण्यापेक्षा ते होऊच न देणे बरे, तसे हे आहे. उरलेला हादरा तिरके थर आणि यंत्राच्या मेंदूखाली बसवलेले मऊ रबर जिरवतात. तोल सांभाळणारे नाजूक भाग थरथरले तर ड्रोनला आपण सरळ आहोत की कलतो आहोत हेच कळेनासे होते.

इथे आपल्या विदर्भातल्या वाचकांना एक गंमत सांगावीशी वाटते. हादरा जिरवण्यात कार्बनला मागे टाकणारा एक तंतू जवसाच्या खोडात असतो! आपण जवस पेरतो ते तेलासाठी आणि चटणीसाठी. फ्रान्स आणि बेल्जियमकडे मात्र उंच वाढणारे जवस धाग्यासाठी घेतात. हा धागा कार्बनसारखा एकसंध नसतो. बारीक तंतूंची जुडी, त्या तंतूंच्या भिंतीत आणखी बारीक तंतू, आणि मध्ये पोकळी अशी त्याची घडण असते. सरकायला आणि घासायला आत जागाच जागा! म्हणून काही सायकलींच्या सांगाड्यांत आणि खेळाच्या साहित्यात कार्बनच्या जोडीला जवसाचे थर घालतात. कार्बन ताकद देतो, जवस हादरा खाते. कुऱ्हाडीच्या लाकडी दांड्याचे रहस्यही हेच. लाकूड म्हणजे देवाघरची तंतू आणि राळ.

मडके वाजवून घ्या

कुंभाराकडून मडके घेताना आपली आजी बोटाच्या पेराने ते वाजवून पाहायची. टण्ण आवाज आला तर घ्यायचे, बद्द आला तर ठेवून द्यायचे. चीर डोळ्यांना दिसत नाही, पण चिरेच्या दोन कडा एकमेकींवर घासतात, नाद तिथेच जिरतो आणि मडके बद्द बोलते. विमानांच्या कारखान्यांतही कार्बनचे भाग नाण्याने असेच वाजवून तपासायची रीत आहे. ज्या दांड्यात हादरा एकाएकी जास्त जिरू लागला, त्याच्या पोटात काही तरी सुटले आहे असे समजावे.

तेव्हा ड्रोन सांभाळणाऱ्या ताईंनी आणि दादांनी एवढे करावे:

१. आधी बॅटरी आणि पंखे काढावेत. मग नाण्याने प्रत्येक नळी टोकापासून बुडापर्यंत हलके वाजवावी. चारही किंवा सहाही नळ्यांवर तीच ती जागा वाजवून आवाज ताडून पाहावा. एखादी नळी कुठे बद्द बोलली तर ड्रोन उडवू नये, जाणकाराला दाखवावी. ही तपासणी कंपनीच्या तपासणीची जागा घेत नाही, पण वेळेवर सावध करते.

२. घडीच्या जोडाजवळ आणि पकडीजवळ बारीक चीर, फुगवटा किंवा उसवलेले तंतू दिसतात का ते रोज पाहावे. पकडीचे स्क्रू वाजवीपेक्षा जास्त आवळू नयेत. नळी लांबीत बळकट असते, पण बाजूने दाबली तर राळ चिरडते.

३. नळीला घरी भोक पाडू नये, कानशीने घासू नये. तिची भुकटी कातडीला टोचते, श्वासात जाणेही वाईट. शिवाय कार्बनमधून वीज वाहते, म्हणून ही नळी लाकडासारखी समजून विजेच्या तारांजवळ नेऊ नये.

४. तुटकी नळी तार गुंडाळून वा डिंक लावून चालवू नये. बैलगाडीचे साटे तसे चालते, कारण बैलगाडी आकाशातून पडत नाही. फिरता पंखा आणि खाली भरलेले औषध, दोन्ही जिवाशी गाठ घालतात.

५. मे महिन्याच्या उन्हात ड्रोन उघड्यावर ठेवू नये. काळी वस्तू लवकर तापते, आणि तापलेल्या राळेचा कडकपणा उतरतो.

६. पंख्याच्या पात्याला टवका गेला असेल तर ते बदलावे. सगळ्या हादऱ्याचे मूळ बहुतेकदा तिथेच असते.

आणि आपले हात?

यंत्राची एवढी काळजी घेतली. आता ते चालवणाऱ्या माणसाकडे वळू. पॉवर टिलर, पाठीवरचा इंजिनाचा फवारा, गवत कापायचे यंत्र, लाकूड कापायची साखळी करवत, या सगळ्यांचा न जिरलेला हादरा शेवटी येतो आपल्या हातात. तिथे तो जिरतो बोटांच्या रक्तवाहिन्यांत आणि नसांत.

ही गोष्ट फार वर्षांपूर्वी ध्यानात आली. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या बेडफर्ड येथे हवेच्या दाबावर चालणाऱ्या छिन्न्यांनी दगड घडवणाऱ्या कामगारांची बोटे थंडीत पांढरी पडत, बधिर होत. डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन या बाईंनी १९१८ मध्ये त्यांची तपासणी करून हा हादऱ्याचा रोग असल्याचे दाखवून दिले. पुढे फिनलंडमधल्या जंगलात करवती चालवणाऱ्या लाकूडतोड्यांच्या एका पाहणीत १९७२ साली शंभरात चाळीस जणांची बोटे अशी पांढरी पडत होती. मग करवती हलक्या झाल्या, मुठी आणि इंजिन यांच्यामध्ये रबर आले, आणि मुठीचा हादरा सातपटीने उतरला. १९९० मध्ये त्याच भागात हे प्रमाण शंभरात पाचावर आले. हादरा कुठे जिरवायचा एवढेच बदलले, आणि माणसांचे हात वाचले.

म्हणून सांगणे हे, की यंत्र घेताना नुसती ताकद आणि किंमत पाहू नका. ते चालू करून मूठ धरून बघा. मुठीखालचे रबर झिजले असेल तर बदला. सैल नट आवळा, पात्याला धार ठेवा. मूठ गरजेपेक्षा जास्त आवळून धरू नका. जितकी घट्ट मूठ तितका हादरा आत. सलग तासन् तास एकट्यानेच न चालवता घरात पाळी लावा. हिवाळ्यात सकाळी हात ऊबदार राखा. आणि बोटे पांढरी पडू लागली, काम थांबल्यावरही मुंग्या जाईनात, शर्टाचे बटण लावणे जड जाऊ लागले, तर ‘कामाचे हात असेच असायचे’ म्हणून अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीला सावरता येते. दुखणे मुरले की बोटांची जाण परत येणे कठीण होते.

मंडळी, सुताराने शीर पाहून दांडा निवडला, आजीने पेराने मडके वाजवले, फिनलंडच्या लाकूडतोड्याला मुठीखाली रबर मिळाले. तिघांचे शहाणपण एकच. हादरा येणारच, तो कुठे तरी जिरणारच. तो राळेत जिरू द्या, रबरात जिरू द्या, लाकडाच्या शिरेत जिरू द्या. घरच्या भाकरीचे पीठ मळणाऱ्या आणि लेकराचा हात धरणाऱ्या बोटांत मात्र तो जिरू देऊ नका.